समास

केरिचोच्या चढावर, चहाच्या मळ्यांच्याही वर
आमची संस्था. पत्र्याचं छप्पर, चार वर्ग.
दुपारी तीनला पाऊस पत्रा बडवू लागतो
म्हणून महत्त्वाचं सगळं आम्ही तीनच्या आत शिकवतो.

मी रुजू झाले तेव्हा खुर्च्या रांगेत होत्या.
फळ्यावर एकच बाण, वरून खाली.
आणि पुस्तिकेत, पान चौदा, नियम सहावा:
हाताखालच्या माणसांसोबत जेवू नये,
वचक ताटात विरघळतो.
हे वाक्य माझं.
मला ते फार आवडलं होतं.

मग बाण पुसला, तक्ते आले.
तासाला किती किलो पानं, कुणाची बोटं किती चपळ.
मग नैरोबीहून कुणीतरी एक शब्द घेऊन आलं: दृष्टी.
आम्ही तो भिंतीवर लावला, पितळी अक्षरांत,
ज्या महिन्यात धुक्यामुळे
फाटकापासून वर्ग दिसत नसे.
खुर्च्या घोड्याच्या नालेसारख्या वळल्या.
आता त्या गोल असतात. मध्ये काहीच नसतं.
त्याला आम्ही ऐकणं म्हणतो.

प्रत्येक वेळी मी मनापासून शिकवलं.
अडचण तीच आहे.
खोटं शिकवलं असतं तर माफी मागून मोकळी झाले असते.

मार्चमध्ये किपकोरीर अराप मारिटिम आला.
सत्त्याऐंशीची तुकडी, मागची रांग, कधी प्रश्न न विचारणारा.
काखेत प्लास्टिकच्या पिशवीत तीच पुस्तिका,
कोपरे वाळवीने खाल्लेले, पान चौदा शाबूत.

म्हणाला, म्वालिमू,
मी एकोणीस वर्षं एकटा जेवलो.
वजनकाट्यामागच्या खोलीत, दार लावून.
बाहेर चौऱ्याऐंशी माणसं उगाली खायची,
हसायची, मी आलो की गप्प व्हायची.
मला वाटायचं, जमलं. वचक बसला.
आता माझा एल्काना तुमच्याकडून कागद घेऊन आला.
त्यात लिहिलंय, सगळ्यांसोबत जेवा.
त्याच्या हाताखाली पाच माणसं आणि तीन पानं खुडणारी यंत्रं.
जेवायला माणसं होती
तेव्हा तुम्ही जेवू दिलं नाही.

मी म्हणू शकले असते, काळ बदलतो.
म्हणू शकले असते, ज्ञान वाढत जातं,
तेव्हा आम्हालाही तेवढंच कळत होतं.
ही वाक्यं माझ्याकडे तयार असतात,
पाहुण्यांसाठी, वार्षिक अहवालासाठी.
तोंडापर्यंत आली आणि बसून राहिली.

तुला काय हवंय, मी विचारलं.
त्याने पुस्तिका टेबलावर ठेवली, पान चौदा उघडून.
हे खोड. आणि सही कर.
तारीख घाल. आजची, तेव्हाची नको.

मी लाल पेन घेतलं.
नियमावर रेघ ओढली, बाजूला लिहायला गेले
तर जागा नव्हती.
कागद वाचवायचा म्हणून तेव्हा आम्ही
अक्षरं काठापर्यंत नेली होती.
एका ओळीत चूक निघेल
असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.
शेवटी सही उभी केली, पानाच्या कडेने,
मुंगी भिंतीवर चढते तशी.

त्याने फुंकर घालून शाई वाळवली.
मी म्हटलं, जेवून जा, खानावळ उघडी आहे.
तो म्हणाला, नको, सवय मोडली.
पाऊस येण्याआधी त्याला उतार गाठायचा होता.

नवी पुस्तिका छापायला किसुमूला गेली आहे.
काल छापखान्यातून ओदुंगाचा फोन आला:
एवढा समास कशाला, चार बोटं?
अर्धा कागद कोरा जाईल, खर्च वाढेल,
बाहेरचे पाहुणे हसतील.

पाच बोटं कर, मी म्हटलं.
त्याला वाटलं, फोनवर पावसामुळे
नीट ऐकू आलं नाही.
मी पुन्हा सांगितलं.